दिवटीवाल्याला परत आणायचं होतं

गोष्टीतला वीर मेला तर त्याला परत आणावं की नाही, यावर माझं आणि माझ्या थोरल्या भावाचं कधीच पटलं नाही. तो म्हणायचा, आणावं. मी म्हणायचे, अजिबात नाही. वाद सुरू झाला तेव्हा मी सात वर्षांची होते आणि तो बारा. शेवटचा झाला तेव्हा दोघांचेही केस पिकले होते.

शुक्रवार पेठेत आमच्या दोन खोल्या होत्या. दुपारी आई कामाला गेलेली असे. शाळेतून आलो की दादा मला गोष्ट सांगायचा. गोष्टी त्याच्याच असत. त्यात उडते किल्ले असत, पाण्याखाली वसलेली गावं असत, आणि जांभई दिली की ज्यांच्या तोंडातून वटवाघळं निघतात असे राजे असत. सोमवारी कड्यावरून पडून मेलेला वीर मंगळवारी निवांत भाकरी खात बसलेला असायचा.

"हा मेला होता ना काल?"

"झाडाला अडकला."

"तू म्हणालास, हाडं मोडली."

"खाली वैद्य होता."

"दरीत वैद्य कुठून आला?"

"दरीतच लागतो वैद्य. वर काय काम त्याचं?"

मला फसवल्यासारखं वाटायचं. आदल्या दिवशी मी त्या वीरासाठी खरंखुरं रडलेली असे, आणि दादा त्याला भाकरी खायला बसवून मोकळा व्हायचा. मी म्हणे, मेलेला परत येणार असेल तर मग मेला कशाला? त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं असे. "अगं, बाहेर ते जमत नाही म्हणून तर गोष्ट सांगायची." आमचे वडील त्याच्या आदल्याच वर्षी गेले होते. तो असं का म्हणत होता हे तेव्हा मला कळलं नाही.

पुढे मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरीला लागले. दादा चादरींची नक्षी काढू लागला. हल्ली हे काम संगणकावर होतं, पण त्याच्यासारखे दोनचार जण अजून कागदावर काढत. बारीक चौकटींचा मोठा आलेख कागद घ्यायचा आणि एकेक चौकट रंगवत मोर, फूल, वेल उभी करायची. रंगवलेली चौकट म्हणजे मागावर वर येणारा धागा. हा कागद मग शहराच्या पूर्व भागातल्या एका मास्तरांकडे जाई. ते तो समोर टांगून त्याप्रमाणे पुठ्ठ्यांना भोकं पाडत आणि ते पुठ्ठे मागावर चढत. भोकं पाडून झाली की मास्तर कागदाची गुंडाळी दादाला परत करत.

दादाला एक खोड होती. रंग वाळला की तो कागद उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने गोष्ट लिहायचा. वही आणून ठेवली तरी तिला हात लावायचा नाही. "वहीत लिहिलं की लेखक असल्यासारखं वाटतं," म्हणायचा, "हात अवघडतो."

ती गोष्ट त्याच्या मुलीसाठी होती. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झालेली ही एकुलती एक मुलगी. ती सहा वर्षांची असताना त्याने तिच्यासाठी दिवटीवाला तयार केला. एका मुलखातला सूर्य रुसून निघून गेलाय, आणि हा माणूस हातात पेटती दिवटी घेऊन लोकांना अंधारातून या गावाहून त्या गावाला पोचवतो. त्याच्याकडे तलवार नाही. तो कुत्र्यांना भितो. गुडघा दुखतो म्हणून गुडघ्याला शिव्या देत चालतो, आणि पोचवलेल्या प्रत्येक माणसाकडून मोबदल्यात फक्त एक विनोद मागतो. विनोद शिळा निघाला तर परतीच्या वाटेवर तेवढ्यावर कुरकुर करतो.

सात वर्षं ही गोष्ट चालली. दर आठवड्याला दादा एक प्रकरण लिहायचा, संध्याकाळी मुलीला वाचून दाखवायचा, दुसऱ्या दिवशी तोच कागद मास्तरांकडे जायचा. दिवटीवाला माझ्या माहितीप्रमाणे चार वेळा मेला आणि चारही वेळा परत आला. एकदा तर त्याला खुद्द मृत्यूनेच परत पाठवलं, कारण त्याची कुरकुर मृत्यूला सोसवेना. मी नाक मुरडलं की भाची माझ्यावर डाफरायची, "आत्या, तुला काही कळत नाही." या वादात ती बापाच्या बाजूने होती.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला दादाचा फोन आला.

"ऐक, दिवटीवाला मेला."

"येईल की पुढच्या आठवड्यात."

"नाही. या वेळी खरा मेला. तू म्हणतेस तसं करून बघतो एकदा."

मला इतका आनंद झाला की मी म्हणाले, "शाब्बास! आता तू लेखक झालास." हे वाक्य मी का बोलले, असं त्यानंतर पुष्कळदा मनात आलं.

घरात काय झालं ते मला वहिनींनी नंतर सांगितलं. दादा प्रकरण वाचत होता. पूल तुटायला लागतो, सगळी माणसं पलीकडे जातात, दिवटीवाला अलीकडे राहतो आणि पाण्यात पडतो. तिथे भाची उठून उभी राहिली.

"परत आणा त्याला."

"पुढचं ऐक तरी. अजून अर्धं प्रकरण आहे."

"परत येतो का त्यात?"

"नाही गं. या वेळी नाही येत."

"मग मला नाही ऐकायचं. त्याला आणेपर्यंत मी तुमच्याशी बोलणार नाही, पप्पा."

आणि ती बोलली नाही. आमच्या घराण्यातलीच ती. अकरा दिवस घरात वहिनींच्या मार्फत कारभार चालला. "मम्मी, पप्पांना म्हणावं, जेवायला चला." "हिला सांग, पाण्याचा तांब्या दे." "मम्मी, सांग, दिलाय." वहिनी दोघांनाही वैतागल्या होत्या. दोघं एकाच ताटातली शेंगाचटणी भाकरीला लावून खात आणि एकमेकांकडे बघतही नसत.

बाराव्या दिवशी नळाला पाणी आलं. आमच्याकडे पाणी रोज येत नाही. येईल त्या दिवशी घरातलं यच्चयावत भांडं भरून घ्यायचं असतं. भाची शाळेत होती. दादाने दुसरी बादली उचलली, उंबऱ्याशी ठेवली आणि पायरीवर बसला. वहिनींना वाटलं, दम घेतोय. त्यांनी आतून हाक मारली, पिंप भरलं का विचारलं. तो उठलाच नाही.

दादा गेल्याच्या दहाव्या दिवशी आम्ही घाटावर होतो. पिंड ठेवले आणि सगळे दूर जाऊन उभे राहिलो. समोरच्या लिंबावर तीन कावळे होते, आणि त्यांतला एकही खाली येईना. आमच्याकडे याचा अर्थ सरळ असतो. गेलेल्याची काही इच्छा राहिली आहे, आणि ती पुरी करण्याचा शब्द कुणीतरी मोठ्याने द्यायचा. मंद्रूपचे चुलते पुढे झाले. "पोरीच्या शिक्षणाचं आमी बगतो की रं. काळजी करू नको. ये." कावळा ढिम्म. "तुज्या बायकोला आमी अंतर देणार न्हाय." कावळ्याने मान फिरवली.

"शेंगाचटणी ठिवली का?" चुलतीने विचारलं. "त्येला लई आवडायची."

चटणी ठेवलेली होती. कुणी म्हणालं घर दुरुस्त करू, कुणी म्हणालं पोरीचं लग्न थाटात करू. त्यावर भाची लाल झाली. एक तास गेला. ऊन चढलं, वहिनींना चक्कर येईल असं वाटू लागलं. माझा या सगळ्यावर विश्वास आहे की नाही, हे मला आजही नेमकं सांगता यायचं नाही. पण मी पुढे गेले आणि म्हणाले, "दादा, दिवटीवाल्याला परत आणते."

कावळा खाली आला. पिंडाला चोच मारली, भाताचं शीत उचललं आणि उडून गेला.

सगळे माझ्याकडे बघत राहिले. मागून चुलती कुजबुजली, "कुणाला आणती म्हनली ही?"

"कामावरचा गडी असंल," चुलते म्हणाले. "सोडून गेला असंल."

भाची मात्र माझ्याकडे अशी बघत होती की मला तिची नजर चुकवावीशी वाटली. तिचे डोळे कोरडे होते. परतताना तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "कधी आणशील?"

त्यानंतर ती रोज शाळा सुटली की माझ्याकडे यायला लागली. दारातच विचारायची, "आला का?" जणू पोस्टमनची चौकशी करतेय.

मी लिहायला बसले. आयुष्यभर पुस्तकांना क्रमांक देत आले, पण स्वतः एक ओळ रचली नव्हती. तरी पंधरा दिवस खपून एक प्रकरण लिहिलं. कोळ्यांनी दिवटीवाल्याला पाण्यातून काढलं, एका म्हातारीने शेकलं, तो उठून बसला. भाचीने शांतपणे ऐकलं.

"हा तो नाही."

"का गं?"

"फार नीट बोलतो. आणि एकदापण गुडघ्याला शिवी दिली नाही."

मी पुन्हा लिहिलं. गुडघा घातला, शिव्या घातल्या, कुत्रं घातलं. ते ऐकून ती हसली. दादा गेल्यापासून पहिल्यांदाच. "आता नुसता गुडघाच आहे, आत्या. माणूस कुठाय?"

तिसऱ्यांदा मी लिहायला घेतलं तेव्हा माझं मलाच कळून चुकलं की हे माझ्याने व्हायचं नाही. माझा दिवटीवाला येई, बोले, चालेसुद्धा, पण त्याच्या आत कुणी नव्हतं. मी तिला म्हणाले, "असं बघ, मेलेल्याला परत आणलं की काय होतं ते हेच. म्हणून मी तुझ्या पप्पांना नेहमी म्हणायचे..."

"तुझ्यामुळेच मारलं त्यांनी त्याला," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "मला माहितीय. फोनवर बोलताना ऐकलं होतं मी, तेव्हा नीट कळलं नव्हतं."

मी समोरचे कागद गोळा करू लागले. मग तिनेच, दप्तराचा पट्टा बोटाला गुंडाळत, खरं ते सांगितलं.

"पप्पा गेले तेव्हा माझा अबोला चालू होता, आत्या. तो आला असता तर मी बोलणार होते. आता तो आल्याशिवाय मी कशी बोलू?"

आजवर मला वाटत होतं, ती कावळ्याला दिलेल्या शब्दाला धरून बसली आहे. ती स्वतःच्या शब्दाला धरून बसली होती. तेरा वर्षांची मुलगी, मनातल्या मनातसुद्धा बापाशी बोलत नव्हती. मी चहा टाकला. चहा पिताना तिने विचारलं, "मी उठून गेले, त्याच्या पुढं काय होतं?"

ते कुणालाच ठाऊक नव्हतं. घरात सात वर्षांच्या गुंडाळ्या होत्या, वहिनींनी त्या कपाटावर नीट रचून ठेवल्या होत्या, पण शेवटचा कागद त्यांत नव्हता. तो मास्तरांकडेच राहिला होता.

रविवारी आम्ही दोघी पूर्व भागात गेलो. मास्तरांच्या गल्लीत घराघरातून मागांची खडखड येत होती. बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागत होतं. मास्तर सत्तरीचे, जाड भिंगांचा चष्मा, बनियन आणि लुंगी. घरात तेलुगू आणि आमच्याशी मराठी. दादा गेल्याचं त्यांना कळलं होतं, घाटावरही ते येऊन गेले होते म्हणे, मागे उभे राहून. आम्हाला बघून त्यांनी घाईघाईने सदरा चढवला आणि भाचीला म्हणाले, "ये अम्मा, बस. तुला ओळखतो मी."

"मला?"

"रुसणारी पोरगी ना तू?"

भाचीने माझ्याकडे बघितलं. मी मास्तरांना विचारलं, तुम्ही गोष्ट वाचत होता का.

"वाचत होता का म्हणजे? म्याडम, कागद माझ्यासमोर टांगलेला असतो. भोकं पाडून झाली की आधी उलटा करायचा. सात वर्षं! शनिवारी कागद आला नाही तर बायकोशी भांडण व्हायचं माझं." आतून त्यांची बायको तेलुगूत काहीतरी बोलली. मास्तर म्हणाले, "ती म्हणते, आला तरी व्हायचं."

मी थोडक्यात सगळं सांगितलं. घाटावरचा शब्द, माझी तीन प्रकरणं. दिवटीवाला परत येत नाही, हेही सांगितलं. मास्तरांनी दोन्ही हात वर केले.

"आणू नका! अजिबात आणू नका. मी रडलो त्याच्यासाठी. मागच्या चार टायमाला नाही रडलो, मला माहिती होतं येतोय म्हणून. या टायमाला रडलो. आता तो आला तर माझं रडणं फुकट की."

सात वर्षांची असताना मी दादाशी नेमकी याच मुद्द्यावर भांडले होते. मला हसू आलं, पण भाची हसली नाही. ती खुर्चीच्या टोकावर बसून होती. "पप्पा काही म्हणाले होते का?" तिने विचारलं. "मी बोलत नव्हते तेव्हा?"

खडखडाटात मास्तरांना ऐकू गेलं नाही. तिला तेच पुन्हा, ओरडून विचारावं लागलं. असलं काही ओरडून विचारणं किती अवघड असतं ते मी तिच्या तोंडाकडे बघून ओळखलं.

"म्हणाले की!" मास्तरही ओरडूनच बोलले. "कागद द्यायला आले ना, दारातूनच सांगत आले. मास्तर, माझ्या पोरीनं अबोला धरलाय! मी म्हटलं, मग हसताय काय? तर म्हणाले, सात वर्षं लिहितोय, अशी दाद कुणी दिली नाही. कोपऱ्यावर नेऊन चहा पाजला मला. कधी नाही ते! दुसऱ्या दिवशी परत आले. अजून बोलत नाही म्हणाले. तिसऱ्या दिवशी परत. रोज येऊन सांगायचे. चार दिवस झाले, सात दिवस झाले. मी म्हटलं, आता आणा त्याला परत, पोरगी वाळून जाईल. तर म्हणाले, नाही मास्तर, तिला राग आलाय तो खरा आहे. त्याच्याशी खोटं नाही करायचं."

भाचीने विचारलं, "हसत होते?"

"हे एवढं." मास्तरांनी दोन्ही हातांनी स्वतःचे गाल ताणून दाखवले.

मग ते उठले आणि फळीवरून गुंडाळी काढून तिच्या हातात दिली. माझ्या नाही.

परतताना रिक्षात ती गुंडाळी मांडीवर आडवी धरून बसली होती. घर जवळ आलं तशी म्हणाली, "आता नको आणूस त्याला."

"आणि मी शब्द दिलाय त्याचं काय?"

"तो तू दिलास. तू बघ."

तो शब्द मी मोडला. दादाला दिलेले याआधीचे बरेच शब्द मी मोडले आहेत, त्यांत याची भर. त्याचं म्हणणं मला आता पहिल्यापेक्षा जास्त समजतं. बारा वर्षांच्या मुलाने कड्याखाली वैद्य का बसवून ठेवला होता, तेही समजतं. तो वैद्य तिथे होता म्हणून त्या वर्षी आम्हाला झोप लागली. मी लिहिलेली तीन प्रकरणं मी फाडली नाहीत, पण कुणाला दाखवणारही नाही. दिवटीवाल्याला परत आणू शकेल असा एकच माणूस होता, आणि त्याने विचार करून नाही म्हटलं होतं. त्याचा वादातला बदललेला पक्ष मी त्याच्या माघारी पुन्हा बदलणं बरं दिसलं नसतं.

घरी वहिनी मेथी निवडत बसल्या होत्या. भाचीने त्यांच्यासमोरच कागद पसरला, मोराची बाजू खाली आणि पेन्सिलीची वर, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या आणि उभ्याने वाचायला लागली. जिथे ती उठून गेली होती तिथून. दिवटी पाण्यात विझते. पलीकडची माणसं अंधारात उभी आहेत. रडून झाल्यावर त्यांच्या लक्षात येतं की घरी तर जायला हवं. मग ती एकमेकांच्या पंच्याची, पदराची टोकं धरून रांगेने निघतात. एक जण ओरडतो, पुढं कोण आहे? पुढचा म्हणतो, मी नाही, माझ्यापुढं आहे कोणीतरी. त्याच्या पुढचाही तेच म्हणतो. असं करत करत प्रश्न रांगेच्या टोकाला पोचतो तर तिथे एक म्हातारी, आणि ती म्हणते, मला वाटलं मी सगळ्यांत मागं आहे. ती ठेचकाळते आणि गुडघ्याला एक सणसणीत शिवी देते. रांगेतल्या साऱ्यांना ती शिवी ओळखीची वाटते. लोक हसतात, आणि हसण्याच्या आवाजाच्या मागोमाग चालत राहतात.

कागद तिथे संपला होता. वाचताना भाची दोनदा थांबली, एकदा शिवी आईसमोर मोठ्याने वाचावी की नाही म्हणून. वाचली. वहिनींच्या हातात मेथीची काडी तशीच राहिली होती.

"चांगली जमली होती पप्पांना," भाची म्हणाली.

वहिनींनी पदराने डोळे पुसले. मग जरा चिडूनच म्हणाल्या, "मग हे त्यांना सांगायचं होतंस की गं तेव्हा."

मी भाचीकडे बघितलं. ती वाट्या उचलत होती. तिने कागदाची गुंडाळी केली, दोरा बांधला आणि कपाटावरच्या बाकीच्या गुंडाळ्यांवर नेऊन ठेवली.

"त्यांना माहीत होतं, मम्मी," ती म्हणाली. "त्यांनी मास्तरांना चहा पाजला."